बाळाची स्लीपिंग बॅग निवडताना: गळ्याचे माप, टॉगचा आकडा आणि आपल्या घरातली थंडी

बारशाच्या आहेरात झबली, टोपडी आणि दुपटी यांच्या जोडीला हल्ली एक गुबगुबीत, मखमली, चेन लावलेली पिशवी हमखास येते. तिच्या डोक्याकडच्या बाजूला टोपीसारखे झाकण असते, आत छोटी उशी शिवलेली असते आणि दुकानदार तिला ‘बेबी स्लीपिंग बॅग’ म्हणतो. त्याच नावाची दुसरी एक वस्तू आहे, ती दिसायला पायघोळ झबल्यासारखी असते: तिला गळा असतो, हात बाहेर काढण्यासाठी मुंढे असतात, टोपी नसते आणि खालचा भाग पाय मोकळे हलतील एवढ्या घेराचा पण बंद असतो. सैल पांघरुणाऐवजी स्लीपिंग बॅग वापरा असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा त्यांना ही दुसरी वस्तू अभिप्रेत असते. नाव एकच असल्यामुळे सल्ला एका वस्तूचा आणि खरेदी दुसऱ्याच वस्तूची, असे आपल्याकडे सर्रास घडते. म्हणून मापे, आकडे आणि कापड यांच्याकडे वळण्याआधी हा फरक पक्का करून घ्यावा.

पहिल्या प्रकारच्या पिशवीत बाळ अंगात काही घातल्यासारखे नसते, ते नुसते आत ठेवलेले असते. पाय झाडता झाडता ते खाली सरकते आणि तोंड जाड, मऊ कापडात जाते. शिवाय टोपीमुळे डोके झाकले जाते आणि उशीमुळे हनुवटी छातीकडे झुकते. दवाखान्यातून घरी आणताना, पाहुण्यांच्या हाती देताना किंवा गॅलरीत मांडीवर घेऊन बसताना, म्हणजे मोठे माणूस जागे आणि बाळ हातात असताना, तिचा उपयोग जरूर करावा. रात्री बाळाला तिच्यात घालून आपण झोपी जाऊ नये. ऑनलाइन खरेदी करताना ‘स्लीप सॅक’ किंवा ‘वेअरेबल ब्लँकेट’ या नावाने शोधले की दुसऱ्या प्रकारच्या बॅगा समोर येतात. तरीही छायाचित्रात गळा आणि मुंढे दिसतात का, हे पाहूनच पुढे जावे.

बॅग कशासाठी, हे आधी ठरवावे

ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणे झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि त्यानंतर झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंचे प्रमाण तिथे निम्म्याहून कमी झाले. हे मृत्यू बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या सुमारास घडतात. उताणे झोपवण्याच्या जोडीनेच झोपण्याची जागा कडक आणि सपाट असावी, तिच्यावर उशी, रजई, लोड, मऊ खेळणी असे काहीही नसावे, हा सल्ला रूढ झाला. मग प्रश्न उरला तो थंडीचा, कारण पांघरूण काढून घेतले तर बाळाला ऊब कशी मिळणार? त्याचे उत्तर म्हणजे ही बॅग. ती अंगात घातलेली असल्यामुळे लाथा मारून दूर जात नाही आणि वर सरकून तोंडावरही येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. बॅग ही पांघरुणाच्या जागी आहे, पांघरुणाच्या खाली घालण्याची वस्तू नाही. बॅग घातलेल्या बाळावर पुन्हा दुलई टाकली, तर बॅग घेण्याचा हेतूच संपला. आणि ज्या घरात, ज्या ऋतूत बाळाला पांघरूण लागतच नाही, तिथे बॅगही लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वाऱ्याअभावी घुसमटणाऱ्या मुंबईच्या खोलीत वातानुकूलन यंत्र नसेल, तर पातळ सुती झबले आणि लंगोट एवढे पुरेसे आहे. बाळाचे कपडे कमी दिसले की घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव कळवळतो, तो मायेपोटीच. पण बाळाला थंडी बाधते तशी अतिरिक्त ऊबही बाधते, आणि तिच्यामुळे वर सांगितलेला धोका वाढतो, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे.

आपल्या बाळाचे वजन बॅगेपर्यंत पोचले आहे का?

पुष्कळशा बॅगांवर ‘० ते ६ महिने’ असे छापलेले असते, म्हणून पहिल्या दिवसापासून ती वापरता येईल असे आपण धरून चालतो. वयाचा हा आकडा बाजूला ठेवावा आणि किमान वजन शोधावे. बहुतेक उत्पादक सर्वांत लहान मापासाठी ३ ते ४ किलोंच्या दरम्यानचे किमान वजन देतात. परदेशी मापे तिथल्या बाळांवर बेतलेली असतात, तर आपल्याकडे पूर्ण दिवस भरलेले बाळही अडीच ते तीन किलोंचे असणे नित्याचे आहे. अशा बाळाचे खांदे अरुंद आणि मान बारीक असते, त्यामुळे ‘० ते ६ महिने’ मापाचा गळा त्याला सैल होतो आणि ते आत घसरू शकते. बाळ त्या वजनाला पोचेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले काही आठवडे, बॅग कपाटातच राहिली तरी काही बिघडत नाही.

तोवर पातळ मलमलीचे दुपटे वापरता येते, मात्र ते गुंडाळण्याची आपली पारंपरिक रीत थोडी बदलावी लागेल. दोन्ही पाय सरळ ओढून घट्ट आवळले, तर खुब्याच्या सांध्याच्या वाढीला अपाय होऊ शकतो. पाय गुडघ्यात वाकून बेडकासारखे बाहेर पसरतील एवढी जागा खालच्या बाजूला हवी. छातीवरही आपला तळहात सहज आत जाईल इतपत सैलपणा असावा. गुंडाळलेल्या बाळाला उताणेच ठेवावे. ते कुशीवर वळण्याचा प्रयत्न करू लागले, आणि काही बाळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ती खटपट सुरू करतात, की त्या दिवसापासून गुंडाळणे बंद करावे, कारण हात बांधलेले बाळ पालथे पडले तर त्याला मान उचलून तोंड वळवता येत नाही. हात मोकळे असलेल्या बॅगेचा खरा काळ इथून सुरू होतो.

अपुऱ्या दिवसांच्या किंवा अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अंगात ऊब टिकत नाही, म्हणून डॉक्टर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत सांगतात आणि टोपी-मोजे घालायलाही सांगतात. तिथे या लेखातले नियम लावू नयेत, डॉक्टरांनी सांगितले असेल तेच करावे.

गळा, मुंढे आणि लांबी

आपल्याकडे मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घ्यायची रीत आहे आणि फ्रॉक-सदऱ्यांच्या बाबतीत ती शहाणपणाचीच आहे. स्लीपिंग बॅगेच्या बाबतीत मात्र ती धोक्याची आहे, कारण इथे सैल गळा म्हणजे बाळाचे डोके आत जाण्याची वाट. बॅग बाळाला घालून, चेन आणि खांद्यावरची टिचबटणे पूर्ण लावून मगच परीक्षा करावी. गळ्याच्या कापडाखाली आपले एक किंवा दोन बोटे सपाट जातील इतकीच जागा असावी. त्याहून कमी असेल तर मानेला काचते, जास्त असेल तर बॅग मोठी आहे. नंतर खांद्याजवळचे कापड हळूच वर ओढून पाहावे: ते हनुवटीच्या वर, ओठांपर्यंत येत असेल, तर ते माप या बाळाचे नाही. मुंढ्यांची भोकेही पाहावीत. ती इतकी मोठी नसावीत की हात आत ओढून घेता येईल, आणि इतकी लहानही नसावीत की काखेत कापड रुतून वळ उठेल.

लांबीसाठी एक सोपा हिशेब आहे. बाळाच्या उंचीतून डोक्याची लांबी वजा करावी, म्हणजे खांद्यापासून टाचेपर्यंतचे अंतर मिळते, आणि त्यात पाय हलवण्यासाठी १० ते १५ सेंटिमीटर मिळवावेत. समजा, तीन महिन्यांचे बाळ ६० सेंटिमीटर उंच आहे आणि टाळूपासून हनुवटीपर्यंत त्याचे डोके सुमारे १५ सेंटिमीटर भरते. तर खांद्यापासून खालच्या शिवणीपर्यंत ५५ ते ६० सेंटिमीटर लांबीची बॅग त्याला योग्य होईल. बाजारात सर्वसाधारणपणे ७०, ९० आणि ११० सेंटिमीटर अशी मापे अनुक्रमे पहिले सहा महिने, सहा ते अठरा महिने आणि त्यापुढच्या वयासाठी मिळतात. हा आकडा काही उत्पादक गळ्यापासून मोजतात, तर काही बाळाची उंचीच माप म्हणून छापतात, तेव्हा टेप लावून खात्री करणे बरे. ‘वाढत्या अंगाची’ हौस भागवायचीच असेल, तर ती लांबीत थोडी भागवावी. गळ्यात आणि मुंढ्यांत कधीही नाही.

तळाच्या घेराकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. झोपलेल्या तान्ह्या बाळाचे गुडघे वर आणि बाहेर वळलेले असतात, ही त्याच्या खुब्यांची नैसर्गिक ठेवण आहे, म्हणून बॅग कमरेखाली रुंद होत जाणारी, घंटेच्या आकाराची असावी. वरून खालपर्यंत सरळ नळीसारखी असलेली बॅग दुकानात टांगलेली नीटस दिसते, पण ती घेऊ नये.

जुनी बॅग मिळाली तर? तान्ह्या बाळाला घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या मुलाचे वापरून मऊ झालेले कपडे घालण्याची आपली पद्धत मला मनापासून आवडते, आणि बॅगही अशी घ्यायला हरकत नाही. फक्त तिची टिचबटणे ओढून पाहावीत. पुष्कळ धुण्यांनंतर ती ढिली होतात, रात्री आपोआप सुटतात आणि सकाळी जो गळा मापात होता तो मध्यरात्री मापात राहत नाही. निखळलेले बटण बाळाच्या तोंडातही जाऊ शकते.

टॉग म्हणजे काय, आणि तो आकडा आपल्याकडे कसा वाचावा

युरोपात बनलेल्या बॅगेवर ०.५, १, २.५ किंवा ३.५ असा आकडा असतो आणि त्यापुढे ‘टॉग’ लिहिलेले असते. कापड उष्णता किती अडवते, ते मोजण्याचे हे एकक मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये १९४०च्या दशकात ठरवले गेले. जितका टॉग जास्त तितकी ऊब अधिक. मोठ्या माणसांची उन्हाळी दुलई तिकडे साधारण ४.५ टॉगची असते, यावरून बाळाची ३.५ टॉगची बॅग केवढी उबदार असेल याचा अंदाज यावा.

हे आकडे ब्रिटनच्या घरांसाठी बसवलेले आहेत. बाळ झोपते ती खोली १६ ते २० अंश सेल्सियसवर ठेवावी असा सल्ला तिथे दिला जातो, त्या तापमानाला २.५ टॉगची बॅग योग्य ठरते, आणि म्हणून तिथल्या दुकानांत तीच सर्वाधिक दिसते. लंडनहून किंवा म्युनिकहून येणारी मावशी भाच्यासाठी प्रेमाने जी बॅग आणते, ती बहुधा हीच. ठाण्याच्या किंवा पणजीच्या बाळाला ती वर्षाच्या कोणत्याही रात्री सोसणार नाही. याच्या उलटही घडते: लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेलेली आजी बर्फ पडणारा देश म्हणून कुंची, लोकरीचे मोजे आणि गोधडी घेऊन जाते आणि तिथल्या तापवलेल्या घरात, २१ किंवा २२ अंशांच्या खोलीत, ते सगळे बाळाच्या अंगावर चढते. दोन्हीकडे चूक एकच आहे: देशाचे किंवा शहराचे हवामान पाहिले, खोलीचे तापमान पाहिले नाही.

म्हणून बॅगेच्या आधी खोलीचा तापमापक घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. तो बाळ झोपते त्या उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून आणि पंख्या-यंत्राच्या झोतापासून दूर ठेवावा आणि रात्री दहाला, दोनला आणि पहाटे पाचला असे तीन-चार दिवस आकडे टिपून घ्यावेत. रात्री बाळासाठी उठणे तर होतेच. थंडीत पुण्यात बाहेर पारा १० अंशांवर गेला, तरी दारे-खिडक्या लावलेल्या सिमेंटच्या घरात आत तेवढी थंडी पोचत नाही. निफाडच्या मळ्यातल्या पत्र्याच्या घरात किंवा महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यात मात्र आतला पाराही बराच खाली येतो. वातानुकूलन यंत्राच्या रिमोटवरचा आकडा हा यंत्राला दिलेला हुकूम असतो. पाळण्यापाशी तापमान तेवढेच असेल असे नाही.

आकडे हाती आले की निवड सोपी होते. खोली २७ अंशांच्या वर असेल, तर बॅग नको. २४ ते २७ अंशांना ०.५ किंवा त्याहून कमी टॉगची, म्हणजे मलमलीच्या एका-दोन पदरांची बॅग आणि आत अर्ध्या बाह्यांचे सुती झबले पुरते. वातानुकूलित खोल्यांत मुख्यतः हीच लागते. २० ते २४ अंशांना १ टॉगची बॅग आणि आत पूर्ण बाह्यांचा, पाय झाकणारा सुती कपडा घालावा. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथल्या हिवाळ्यात घराघरांत याच दोन्हींचे काम पडते. खोली खरोखरच १६ ते २० अंशांवर उतरत असेल, तर २.५ टॉग घ्यावा. ३.५ टॉगचा विचार १६ अंशांच्या खाली जाणाऱ्या खोलीतच करावा, आणि तिथेही मी आधी खोलीतली फट बुजवीन, पडदे लावीन आणि आत एक पातळ सुती कपडा वाढवीन. दोन बॅगा एकावर एक घालू नयेत. उत्पादकांच्या तक्त्यांत एखाद्या अंशाचा फरक असतो, तेव्हा आपल्या बॅगेसोबत आलेला तक्ताच अखेरचा मानावा.

भारतीय बनावटीच्या अनेक बॅगांवर टॉग लिहिलेला नसतो, त्याऐवजी ‘जीएसएम’ हा आकडा दिलेला असतो. तो कापडाचे दर चौरस मीटरमागे वजन सांगतो, ऊब सांगत नाही. फुगीर फ्लीस हलके असूनही जास्त उबदार असते आणि जड सुती कापड त्यामानाने कमी. टॉग नसेल तर हाताने पारखावे. कापड उजेडासमोर धरल्यावर बोटांची सावली दिसत असेल, तर ते उन्हाळ्याचे आहे. अस्तर आहे पण भरण नाही, अशी दोन पदरी सुती बॅग साध्या हिवाळ्याची असते. चिमटीत धरल्यावर मध्ये भरण फुगलेले जाणवले, तर ती कडक थंडीसाठीच राखून ठेवावी.

बाळाला विचारावे, पण हाताला नव्हे

बाळाचे तळहात आणि तळपाय सहसा गारच असतात, कारण तान्ह्या वयात हातापायांपर्यंतचा रक्तपुरवठा पुरता स्थिरावलेला नसतो. ते गार लागले म्हणून बॅग जाड करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आपला हात आधी कोमट करून बाळाच्या छातीला किंवा मानेच्या मागच्या बाजूला लावावा. ती जागा कोमट आणि कोरडी असेल, तर सगळे ठीक आहे. ती दमट असेल, केस ओले असतील, गाल लाल असतील किंवा मानेच्या वळ्यांत घामोळे उठले असेल, तर लगेच एक थर काढावा. छातीही गार लागली, तरच एक थर वाढवावा.

डोके उघडे ठेवण्याचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत अवघड जातो. टाळू भरेपर्यंत टोपडे काढायचे नाही, ही समजूत घट्ट आहे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, म्हणजे लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते, आणि बाकी अंग बॅगेत असताना जास्तीची उष्णता बाहेर टाकण्याची त्याची मुख्य वाट तेच असते. घराबाहेर, वाऱ्यात, कानटोपी जरूर बांधावी. घरात झोपवताना काढावी. ती सरकून तोंडावर येण्याचीही भीती असते.

तेल चोळून, गरम पाण्याने न्हाऊ घालून आणि शेक देऊन झाल्यावर बाळ गाढ झोपते. त्या वेळी त्याचे अंग आधीच तापलेले असते आणि खोलीही बंद असते, म्हणून या झोपेसाठी बॅग घालण्याची घाई करू नये. कोळशाची शेगडी पेटवून दारे बंद ठेवण्याची पद्धत जिथे अजून आहे, तिथे कार्बन मोनॉक्साईडचा धोका ऊब-थंडीच्या पलीकडचा आहे. बाळ आणि बाळंतीण असलेल्या बंद खोलीत शेगडी ठेवूच नये. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लसी दिल्या जातात आणि त्यानंतर एक-दोन दिवस अंग तापू शकते. त्या रात्री नेहमीची बॅग काढून पातळ सुती कपड्यावर बाळाला ठेवावे, आणि एरवीही ताप असताना हेच करावे.

कापड, चेन आणि शिवण

आतून अंगाला लागणारे कापड सुती असावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मलमल, होजियरी आणि फ्लॅनेल ही तिन्ही आपल्याकडे चांगली मिळतात आणि घाम शोषतात. पॉलिस्टर फ्लीस मऊ आणि स्वस्त असते, पण घाम आत कोंडते. कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत ते टाळावे. भरण पॉलिस्टरचे असेल तर लवकर वाळते. कापूस भरलेली बॅग धुतल्यावर आत गोळे होतात आणि ऊब एका बाजूला जाते. ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ची खूण असेल, तर तिचा पहिला वर्ग तान्ह्या मुलांच्या वस्तूंसाठी आहे, हे लक्षात ठेवून तो वर्ग लिहिला आहे का ते पाहावे. सुरक्षिततेच्या चाचण्यांसाठी आधी ब्रिटनचे ‘बीएस ८५१०’ हे मानक होते, आता त्याच्या जागी युरोपचे ‘ईएन १६७८१’ आले आहे. त्यांचा उल्लेख असलेल्या बॅगेचा गळा, मुंढे आणि शिवणी ठरावीक कसोट्यांतून गेलेल्या असतात.

वजन घातलेल्या बॅगा, म्हणजे छातीवर मणी किंवा दाणे शिवून ‘बाळ शांत झोपते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या, अजिबात घेऊ नयेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०२२च्या आपल्या शिफारशींत त्या वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे.

चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी असेल, तर रात्री लंगोट किंवा डायपर बदलताना फक्त खालचा भाग उघडतो, छाती झाकलेली राहते आणि बाळ पुरते जागे होत नाही. हा फरक पहिल्याच रात्री जाणवतो. चेनीच्या वरच्या टोकाला तिला झाकणारी कापडी पट्टी हवी, नाहीतर हनुवटीवर ओरखडे उठतात. आतल्या बाजूनेही चेनीमागे पट्टी असावी. नाडी, फीत, गोंडा, मणी, चिकटवलेली फुले यांपैकी काही असेल, तर ती बॅग कितीही देखणी असली तरी परत ठेवावी. बॅग उलटी करून आतले सुटे दोरे पाहावेत आणि कापून टाकावेत, कारण लांब दोरा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

घरी शिवायची असेल, तर जुन्या सुती साडीचे दोन पदर घेऊन उन्हाळी बॅग उत्तम होते. गोधडीसारखे पदरावर पदर वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. बाळाला नीट बसणाऱ्या झबल्याचा गळा आणि मुंढे कागदावर उतरवून घ्यावेत, तेवढ्यावरच कापड बेतावे आणि कमरेखाली घेर वाढवत न्यावा. गळ्याला इलॅस्टिक किंवा नाडी लावू नये, धातूच्या चेनीऐवजी प्लॅस्टिकची बारीक दात्यांची चेन लावावी, आणि शिवून झाल्यावर वर सांगितलेली बोटांची परीक्षा इथेही करावी.

झोपण्याची जागा बदलली की हिशेब बदलतो

बॅगेचा विचार मुळात सपाट, कडक गादीच्या, कठडे असलेल्या पाळण्यासाठी झाला आहे. आपल्याकडची बाळे झोळीत झोपतात आणि आईच्या कुशीतही झोपतात. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि दोन्ही बाजूंनी कापड तोंडाशी येते. त्यात बॅगेची भर घातली, तर उष्णताही वाढते. दिवसा, कुणी जागे माणूस समोर असताना थोडा वेळ झोळी ठीक आहे. तेव्हा अंगात बॅग नको आणि रात्रीच्या झोपेसाठी झोळी नको. राईची उशीही झोपवताना बाजूला काढावी.

बाळ आईशेजारीच झोपत असेल, तर तिच्या अंगाची ऊब बाळाला मिळते, म्हणून पाळण्यासाठी निवडलेल्या टॉगची बॅग तिथे जास्त होते. तिथे बॅगेशिवाय सुती कपडा किंवा फार तर मलमलीची एकपदरी बॅग चालेल आणि आईचे पांघरूण तिच्या कमरेच्या वर येऊ नये. शक्य असेल त्या घरात आईच्या खाटेला लागून बाळाची वेगळी, सपाट, कठड्याची जागा करावी; हात लांबवला की बाळ हाताशी येते आणि बॅगही आपल्या हिशेबाप्रमाणे वापरता येते.

मोटारीच्या सीटमध्ये पट्टा दोन पायांच्या मधून जावा लागतो, म्हणून बंद तळाची बॅग घालून बाळाला तिथे बसवू नये. आधी पट्टा लावावा, मग लागलेच तर वरून पातळ दुपटे घालावे.

किती घ्याव्यात, कशा धुवाव्यात, कधी थांबावे

एका मापाच्या दोन बॅगा पुरतात, कारण दूध उलटणे आणि लंगोटाबाहेर ओल येणे यांमुळे एक नेहमी दोरीवर असते. पावसाळ्यात भरण असलेली बॅग दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो, तेव्हा त्या महिन्यांत पातळच ठेवावी. नवी बॅग वापरण्याआधी एकदा धुवावी, चेन लावून आणि उलटी करून धुवावी, वासाचे मऊकारक द्रव्य घालू नये. प्रत्येक धुण्यानंतर टिचबटणे आणि शिवणी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

बाळ उभे राहू लागले की बंद तळाच्या बॅगेत अडखळून पडते. तेव्हा पाय बाहेर काढता येतील अशी, पायजम्यासारखी दोन पायांची बॅग मिळते. पाळण्याच्या कठड्यावर पाय टाकून चढण्याचा प्रयत्न दिसला, तर बॅग थांबवावी. साधारण दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुले पातळ पांघरूण स्वतः ओढू आणि सारू शकतात, आणि तिथे बॅगेची गरज संपते.

पुढच्या बाळासाठी ती जपून ठेवायची असेल, तर डांबराच्या गोळ्या घालून ठेवू नये. काही बाळांत जी६पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असते, ते बाहेरून ओळखू येत नाही, आणि अशा बाळाला त्या गोळ्यांच्या वासातले कपडे घातले तर रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बॅग धुवून, खडखडीत वाळवून, कडुनिंबाच्या सुकलेल्या पानांसह सुती पिशवीत ठेवावी आणि पिशवीवर माप, टॉग आणि किमान वजन लिहिलेली चिठ्ठी टाचावी.